वरचं, खालचं आणि सरकती रेषा

बीपी मोजून झालं की घरोघर एकच विचारणा: वरचं किती, खालचं किती? त्यातलं खालचं हाती यायला 1905 उजाडावं लागलं. त्याआधी 1896 मध्ये इटलीत रिवा-रोची यांनी दंडाला रबरी पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजायची सोय केली होती. पट्टा फुगवायचा, मनगटाची नाडी चाचपायची. ती बुडाली की तो आकडा. म्हणजे फक्त वरचा. रशियन सर्जन निकोलाय कोरोत्कॉफ यांनी पट्ट्याखाली, कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप टेकवला. हवा हळूहळू सोडली की आधी शांतता, मग ठक, ठक. आवाज सुरू होतो तिथे वरचा, विरतो तिथे खालचा. हे सांगणारं त्यांचं टिपण पानभरही नव्हतं.

मोजता आलं, पण त्या आकड्याचं करायचं काय? ‘शंभर अधिक वय’ म्हणजे ठीक, असा हिशेब सर्रास चाले. कडक झालेल्या धमन्यांतून रक्त ढकलायला जादा दाब हवाच, तो उतरवू नये, असं नामवंत डॉक्टरही मानत. मार्च 1944 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी भरलं 186/108. उपाय काय, तर डिजिटॅलिस, विश्रांती, मीठ आणि सिगारेट कमी. 12 एप्रिल 1945 ला मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा काटा 300/190 वर होता. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते तसली गोळी तेव्हा व्हाइट हाउसलाही मिळाली नसती, ती नव्हतीच.

1948 पासून अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांची वर्षानुवर्षं तपासणी झाली आणि वाढलेला दाब निरुपद्रवी नाही, हे पटत गेलं. 1967 मध्ये अमेरिकी माजी सैनिकांवरच्या चाचणीने गोळ्यांचा गुण सिद्ध केला. पण रुग्ण निवडले होते खालच्या आकड्यावरून, 115 ते 129. वरच्याला मान मिळाला 1991 मध्ये: साठीपुढच्यांचा नुसता वरचा आकडा उतरवला तरी पक्षाघात तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटले.

2017 मध्ये अमेरिकेने उच्च रक्तदाबाची रेषा 130/80 वर आणली आणि कालचे कितीतरी निरोगी रातोरात रुग्ण ठरले. आपल्याकडे 140/90 कायम राहिली. माझ्या मते या दहा अंकांच्या वादाआधी मोजणीच तपासावी. जिना चढून आल्या आल्या, पाय लोंबकळत, बाहीवरूनच पट्टा गुंडाळून, गप्पा मारत घेतलेलं बीपी सहज तेवढं चढतं. पाच मिनिटं पाठ टेकून बसवणारे दवाखाने किती?