‘कॅसेट गेली’ असं म्हणण्याआधी

मुंज, बारसे, डोहाळजेवण, गणपतीची आरती, सोसायटीच्या गच्चीवरचे कोजागरीचे दूध. १९८५ नंतरच्या वीसेक वर्षांत आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरचे हे सोहळे हातात मावणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्यांनी टिपले. कुणाच्या दिरांनी मस्कतहून कॅमेरा आणला, कुणाच्या भावाने अमेरिकेहून, तर कुणी मनीष मार्केटच्या गर्दीत घासाघीस करून तो मिळवला. पुढे मोबाइल आला, कॅमेरा माळ्यावर गेला आणि कॅसेटी कपाटात साड्यांच्या घडीखाली राहिल्या.

आता अडचण अशी, की कॅसेट आहे पण ती लावायला यंत्र नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई, तिनेही २०१६ मध्ये ते काम थांबवले. मग कुणी ओळखीच्यांचा जुना कॅमेरा मागून आणते, कुणी वापरलेला विकत घेते. मोठ्या हौसेने सगळे टीव्हीसमोर बसतात, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! कुणीतरी म्हणते, “जाऊ दे, कॅसेटच गेली आहे.” आणि घरातल्या माणसाचा एकमेव हलता-बोलता ठेवा कचऱ्यात जातो.

मैत्रिणींनो, बहुतेक वेळा दोष कॅसेटचा नसतोच. तो वायरीत असतो, टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो, नाहीतर कॅमेऱ्याच्या आतल्या धुळीत. तो शोधायला इंजिनियर असावे लागत नाही. आमटी बिघडली की आपण मीठ, तिखट, आंबट असे एकेक चाखून पाहतो ना, तसेच इथेही. फक्त एक नियम आधी पक्का करा : कॅमेरा दुसरा मिळेल, कॅसेट दुसरी मिळणार नाही. म्हणून प्रत्येक प्रयोग आधी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर करायचा.

आधी कॅसेट नीट पाहा

लहान कॅसेटी मुख्यतः दोन प्रकारच्या. व्हीएचएस-सी, म्हणजे जेव्हीसी कंपनीने १९८२ मध्ये आणलेली. हिच्यात मोठ्या व्हीएचएस कॅसेटसारखीच अर्धा इंच रुंद फीत असते, आणि अॅडॉप्टरच्या खोक्यात बसवून ती घरच्या व्हीसीआरमध्येही चालते. दुसरी व्हिडिओ-एट, म्हणजे सोनीने १९८५ मध्ये आणलेली आठ मिलिमीटरची. हाय-एट ही तिचीच सुधारलेली बहीण. यांना व्हीसीआरचा अॅडॉप्टर नसतो, त्या प्रकारचे यंत्रच लागते.

आठ मिलिमीटरच्या कॅसेटवर ‘पी-५’ किंवा ‘पी-६’ असे छापलेले असते. पी-५ ही आपल्याकडच्या पाल पद्धतीसाठी, पी-६ अमेरिका-जपानच्या एनटीएससी पद्धतीसाठी. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रे आणि प्रत्येक चित्रात ६२५ रेघा, तर एनटीएससीमध्ये सुमारे ३० चित्रे आणि ५२५ रेघा. त्यामुळे अमेरिकेहून आलेल्या कॅमेऱ्यात मस्कतमध्ये भरलेली कॅसेट घातली, तर चित्र नीट लागत नाही. हा बिघाड नव्हे, जोडी जुळत नाही इतकेच. मात्र कॅसेटवरची खूण हा अंदाज झाला. चित्रण कुठल्या कॅमेऱ्याने केले होते ते घरात विचारून घ्या.

अमेरिकेहून आलेल्या कॅमेऱ्याच्या चार्जरवर ‘१०० ते २४०’ व्होल्ट असे लिहिले आहे ना, तेही वाचा. नुसते ‘१२०’ असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला तो लावू नका.

आता कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आत पाहा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट बुरा किंवा जाळी दिसली, तर ती आपल्या पावसाळ्याची कृपा, म्हणजे बुरशी. अशी कॅसेट मुळीच लावायची नाही. बुरशी कॅमेऱ्यात जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडेच द्यावी. शेवटचे म्हणजे कॅसेटच्या कडेची रेकॉर्डिंगची खूण बंद करून ठेवा. नाहीतर पोरांनी चुकून लाल बटण दाबले, की आजींच्या जागी पंखा दिसायचा!

तीन प्रश्न, तीन उत्तरे

प्रश्न पहिला : कॅमेऱ्यात कॅसेट न घालता, झाकण काढून, ‘कॅमेरा’वर बटण ठेवून खिडकीकडे रोखा. छिद्रातून चित्र दिसते, पण टीव्हीवर दिसत नाही? मग दोष वायरीचा किंवा टीव्हीचा. दोन्हीकडे स्वच्छ दिसते? मग वायर आणि टीव्ही निर्दोष.

प्रश्न दुसरा : कॅसेट लावल्यावर चित्र बिघडते का? बिघडत असेल तर दुसरी, तिसरी कॅसेट लावून पाहा. सगळ्याच बिघडतात तर कॅमेऱ्याचे हेड खराब आहे किंवा मळले आहे. एकच बिघडते तर ती कॅसेट दुखणेकरी.

प्रश्न तिसरा : समोरचे चित्र काळे किंवा जांभळे येते, पण कॅसेट छान चालते का? तसे असेल तर खुशाल तो कॅमेरा ठेवा. भिंग आणि त्यामागचा डोळा गेला तरी कॅसेट वाचणारा भाग वेगळा असतो. आपल्याला नवे चित्रण थोडेच करायचे आहे! असा ‘आंधळा’ कॅमेरा विकणारा बहुधा किंमतही कमी सांगतो.

चित्राच्या तक्रारी

टीव्ही निळा किंवा काळा : टीव्ही ‘एव्ही’वर आहे का ते आधी पाहा. पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. कॅमेऱ्याच्या बाजूला एकच बारीक पिन असेल, तर सावध. त्या पिनेवरच्या कड्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा. दिसायला सारखी वायर बाजारात मिळते, ती लावली की चित्र नाही आणि स्पीकरमधून मोठी घरघर. अशा वेळी टीव्हीकडच्या तीन पिना आपसांत बदलून पाहा. पुष्कळदा लाल पिन पिवळ्या भोकात घातली की चित्र उमटते!

चित्र काळे-पांढरे : नव्या टीव्हींमध्ये पिवळे आणि हिरवे भोक कधी कधी एकच असते. टीव्ही ‘कंपोनंट’वर असेल तर रंग जातात, ‘एव्ही’ निवडा. तेवढ्याने भागले नाही, तर मघाचा पाल-एनटीएससीचा घोळ आठवा. जुन्या, फक्त पाल जाणणाऱ्या टीव्हीवर एनटीएससीचे चित्र रंगहीन होते किंवा वर वर सरकत राहते.

मुंग्या, आणि त्यामागे पुसटशी माणसे : हे हेड मळल्याचे लक्षण. आतमध्ये एक चकचकीत ड्रम असतो, तो आठ मिलिमीटरच्या पाल यंत्रात मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्याच्यावरची दोन इवलीशी हेडे आळीपाळीने फितीवर तिरक्या रेघा वाचतात. एकावर कण बसला की निम्मे चित्र जाते, दोन्हींवर बसला की सगळेच.

आडवे पट्टे : व्हीएचएस-सी यंत्रावर ‘ट्रॅकिंग’चे बटण असते, ते हळूहळू फिरवा. आठ मिलिमीटरमध्ये हे काम आपोआप होते, बटण नसते. तिथे पट्टे राहिलेच, तर तीच कॅसेट दुसऱ्या कॅमेऱ्यात लावून पाहावी.

तळाशी फाटल्यासारख्या दोन-चार रेघा : कॉम्प्युटरवर पाहताना या दिसतात. हा दोष नाही. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जाते तिथली ती शिवण. जुने टीव्ही ती चौकटीआड लपवत असत.

आवाजाच्या तक्रारी

आवाजच नाही : पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांना स्पीकरच नसे. टीव्हीला जोडल्याशिवाय किंवा इयरफोन लावल्याशिवाय काही ऐकू येणार नाही. आवाजाची पिन एकच असेल, तर ती टीव्हीच्या पांढऱ्या भोकात घाला.

सतत गुणगुण : चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरचा.

चित्र आणि आवाज दोन्ही एकदम गेले, की नुसते चित्र गेले? हा प्रश्न फार उपयोगाचा आहे. आठ मिलिमीटरमध्ये आवाजही त्याच फिरत्या हेडांनी चित्राबरोबर नोंदलेला असतो. म्हणून हेड मळले की दोन्ही जातात. साध्या व्हीएचएस-सीमध्ये आवाजाची वाट वेगळी, फितीच्या कडेने, आणि तिचे हेड स्थिर. म्हणून तिथे चित्र मुंग्यांनी भरले तरी आवाज येत राहतो. उलट चित्र छान आणि आवाज दबका असेल, तर ते स्थिर हेड मळलेले किंवा फितीची कड चुरगळलेली.

मुलुंडच्या माझ्या ओळखीच्या एका बाईंच्या घरी १९९१ सालच्या मुंजीची आठ मिलिमीटरची कॅसेट होती. त्यात त्यांच्या सासूबाई ओव्या म्हणतात. सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षे झाली. नातीने त्यांचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. एका दुकानात सांगितले, “कॅसेट कोरी झाली, टाकून द्या.” बाई शहाण्या. त्यांनी दुसरी कॅसेट लावून पाहिली, तीही कोरी! दोन कॅसेटी एकाच वेळी कशा कोऱ्या होतील? हेड साफ करून घेतल्यावर चित्र आणि ओव्या दोन्ही बरोबरच आल्या. नातीने पहिल्यांदा ऐकले ते आजीचे खाकरणे, आणि मग ओवी.

साफसफाई : आपण काय करावे, काय करू नये

घरी फक्त साफसफाईची कॅसेट वापरावी, तीही त्याच प्रकारची आणि तिच्यावर लिहिले असेल तितकेच सेकंद. जास्त घासले की जास्त स्वच्छ, हा भांड्यांचा नियम. हेडांना लागू नाही. ती ठिसूळ असतात, शिवाय घासली की झिजतात.

याने भागले नाही तर जाणकाराकडे द्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात चौकशी करा, नाहीतर आपल्याच उपनगरातल्या, पूर्वी लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करणाऱ्या एखाद्या जुन्या स्टुडिओत विचारा. दुरुस्ती करणारा कापसाची काडी हातात घेईल तर नम्रपणे थांबवा. कापसाचे तंतू हेडात अडकतात. तंतू न सोडणारे कापड, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि कापड स्थिर धरून ड्रम हाताने फिरवणे ही योग्य रीत. वर-खाली पुसले की हेड तुटलेच.

कॅमेऱ्यातून माशासारखा वास येत असेल आणि चित्र-आवाज हळूहळू मंद होत असेल, तर आतले कपॅसिटर पाझरत आहेत. १९९० च्या आसपासच्या कॅमेऱ्यांचे हे नेहमीचे दुखणे. तिथे घरगुती उपाय नाही.

सोनीच्या नंतरच्या मॉडेलांवर आकडे उमटतात, ते लक्षात ठेवा. ‘सी:२१’ म्हणजे आत दव धरले आहे. कॅसेट काढून निदान तासभर थांबा. ‘सी:२२’ म्हणजे हेड मळले. ‘सी:३१’ किंवा ‘सी:३२’ आला तर कॅसेट काढून पुन्हा घालून पाहा. परत तोच आकडा आला तर यांत्रिक बिघाड समजा. फीत आत अडकली असेल तर ओढू मात्र नका! वीज बंद करून तसाच कॅमेरा दुरुस्तीला द्या.

पावसाळा आणि आपण

एसीच्या खोलीतून कॅमेरा काढून लगेच दमट हॉलमध्ये लावू नका. थंडगार पेल्याला बाहेरून पाणी सुटते, तसेच ड्रमलाही सुटते आणि फीत चिकटते. पिशवीत बंद ठेवून तासभर बाहेरच्या हवेशी जुळू द्या. कॅसेटी उभ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळात नको, कोंडा आत जातो. स्पीकरजवळही नको.

चित्र लागले की बघत बसू नका

हे वाचून नवल वाटेल, पण सर्वांत महत्त्वाचे हेच. जुनी फीत पुढच्या वेळी लागेलच असे नाही. यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग संपत चालले आहेत, म्हणून युनेस्कोच्या पुढाकाराने २०१९ मध्ये अशा फितींसाठी जगभर इशारा देणारी मोहीमच काढली गेली. तेव्हा पहिल्यांदा नीट चित्र लागेल तेव्हाच ते कॉम्प्युटरवर उतरवत चला. त्यासाठी यूएसबीला लागणारे छोटे यंत्र मिळते. चित्रण आपल्याकडचे असेल तर त्यात ‘पाल’ निवडायला विसरू नका. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वद मिनिटेच लागतात. दुपारचे निवडणे-टिपणे तेवढ्यात होऊन जाते. प्रती दोन करा, एक आपल्याकडे आणि एक नणंदेकडे किंवा भावाकडे. कॅसेटवरचे गाव, साल आणि माणसांची नावे वहीत लिहा, कारण ती ओळखणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत. आणि प्रत झाली तरी मूळ कॅसेट टाकू नका.

या रविवारी कपाट आवरायला काढाल, तेव्हा साड्यांच्या घडीखाली हात घालून पाहाच.