सक्युलंटवरचा पांढरा थर: आधी ओळख, मग उपाय

सक्युलंटच्या पानांवर पांढरं काही दिसलं की आपण लगेच फडकं घेतो, नाहीतर फवाऱ्याची बाटली. दोन्ही जरा बाजूला ठेवा. हा पांढरेपणा बहुतेक वेळा चार कारणांनी येतो: झाडाचं स्वतःचं मेण, पाण्यातले क्षार, पिठ्या ढेकूण ही कीड आणि भुरी हा बुरशीचा रोग. यातलं पहिलं तर झाडाच्या निरोगीपणाचं लक्षण आहे. निदान चुकलं, तर औषधानेच झाडाचं नुकसान होतं.

ओळखायचं कसं?

झाड उजेडात आणा आणि भिंगातून पाहा. थर सगळ्या पानांवर सारखा असेल तर मेण. कडक, खरखरीत ठिपके असतील तर क्षार. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील तर पिठ्या ढेकूण. पानावर पसरत जाणारे, पीठ भुरभुरल्यासारखे गोल डाग असतील तर भुरी. कुंडीवर मुंग्यांची ये-जा असेल, तर ढेकणाचा संशय आधी घ्या.

मेणाचा लेप: हात लावू नका

एकेव्हेरिया, ग्राप्टोपेटलम, पॅकिफायटम यांच्या पानांवर निळसर-पांढरी पूड दिसते. ताज्या द्राक्षावर असते, त्याच जातीचं हे मेण. कडक उन्हापासून ते पानाचं रक्षण करतं आणि पाणी पानावर टिकू देत नाही. बोट लागलं की तिथला लेप जातो आणि जुन्या पानावर तो पूर्ववत भरून येत नाही; नव्या पानांवर मात्र येतो. म्हणून अशी झाडं खोडाला किंवा कुंडीला धरून उचला, पाणी मातीत द्या आणि कारण नसताना कडुनिंबाचं तेल किंवा साबणाचं पाणी फवारू नका.

पाण्यातले क्षार

बोअरचं पाणी जड असतं. ते पानावर सुकलं की पांढरे डाग राहतात, मातीच्या कुंडीवर बाहेरूनही पांढरा थर फुटतो. जेडच्या पानांवर अगदी बारीक, एकसारख्या अंतरावर पांढरे ठिपके दिसतात. त्या पानांना सूक्ष्म छिद्रं असतात. तिथून पाझरलेलं पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात. ही कीड नव्हे.

जेड किंवा हॉवर्थियाची पानं ओल्या मऊ कापडाने पुसा. डाग हट्टी असेल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. शक्य तेव्हा पावसाचं पाणी साठवून वापरा. अधूनमधून कुंडीच्या तळातून पाणी मोकळं वाहीपर्यंत हळूहळू पाणी द्या, बशीत साचलेलं फेका आणि माती पूर्ण सुकू द्या.

पिठ्या ढेकूण

पुंजका टाचणीने बाजूला सारा. आत काही मिलिमीटर लांबीचा, चपटा, फिकट गुलाबी किंवा पिवळसर किडा दिसेल, कडेला मेणाचे बारीक धागे. तो पानातला रस शोषतो आणि गोड चिकट द्रव सोडतो. त्या द्रवासाठी मुंग्या येतात, त्यावरच पुढे काळी बुरशी वाढते. कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी असतात, म्हणून एकदा साफ करून भागत नाही.

झाड आधी इतरांपासून वेगळं करा. मेडिकल दुकानात मिळणाऱ्या 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक ढेकूण टिपा. त्या जागचं मेण जाईल, पण इथे तेवढी किंमत मोजावी लागते. प्रादुर्भाव जास्त असेल तर 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य द्रव साबण मिसळून संध्याकाळी फवारा. आधी एका पानावर करून पाहा. दर आठवड्याला, निदान महिनाभर हे करत राहा.

पानं स्वच्छ आहेत, तरी झाड मलूल? कुंडीतून काढून मुळं पाहा. तिथेही पांढरी पूड आणि ढेकूण असतील तर जुनी माती फेका, मुळं धुऊन सुकवा आणि कोरड्या, निचऱ्याच्या नव्या मिश्रणात लावा.

भुरी

द्राक्ष बागायतदारांना भुरी नवी नाही. घरात ती कॅलँकोवर जास्त दिसते. दिवसा ऊब, रात्री गारवा, दमट आणि कोंडलेली हवा तिला मानवते. पान ओलं असण्याचीही गरज नसते. पुसली तरी खाली तपकिरी डाग राहतो आणि थर पुन्हा येतो.

रोगट पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा. तेवढ्याने थांबली नाही तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात फवारा. पारा 32 अंशांच्या वर असताना किंवा तेल फवारल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत गंधक वापरू नका, पानं भाजतात.

नवं रोप आणताना

नर्सरीतच पानांचे बेचके आणि पानांची खालची बाजू तपासा. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे रोप इतरांपासून लांब ठेवा. ढेकूण बहुधा नव्या रोपाबरोबरच घरात येतो, आणि एका कुंडीत असताना त्याला आवरणं सोपं असतं.