डोक्यात साचलेलं जुनं रक्त : दोन भोकं आणि त्यानंतर

आज मेंदूतल्या गाठींबद्दल बोलणार नाही. बोलायचंय ते अशा ऑपरेशनबद्दल, ज्याला नातेवाईक म्हणतात, "डॉक्टर, दोनच भोकं पाडायचीत ना?" हो, दोनच. पण प्रश्न त्यानंतरचा असतो.

आधी हे होतं कसं ते बघू. वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो, कवटी मात्र तेवढीच राहते. त्यामुळे मेंदूकडून वरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या जातात. मग मोरीत पाय घसरला, दाराची चौकट लागली, एवढंही पुरतं. शीर फाटते, थोडं रक्त साचतं, कुणाला काही कळत नाही. पुढच्या काही आठवड्यांत त्या रक्ताभोवती पापुद्रा धरतो. त्या पापुद्र्यात नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या येतात आणि त्या झिरपत राहतात. म्हणजे जुनं रक्त नुसतं पडून राहत नाही, वाढतं. आजोबांचा पाय ओढला जातो, शब्द सापडत नाहीत, दिवसभर झोपतात. घरचे म्हणतात, वय झालं. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण म्हातारपणाच्या या 'आजारांपैकी' हा बरा होणारा आहे.

सीटी स्कॅनवर तो दिसतो. कवटीला भोकं पाडली की इंजिन ऑइलसारखं काळपट पाणी बाहेर येतं, सलाइननं जागा धुतात. पुष्कळदा तेवढ्या भागापुरती भूल देऊनही हे होतं.

आता अडचण. इतके दिवस दाबलेला मेंदू लगेच फुगून वर येत नाही. रिकामी जागा उरते, आणि पापुद्रा तिथेच असतो. म्हणून पुन्हा रक्त साचतं. केंब्रिजमध्ये याचा अभ्यास झाला, 2009 साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर दोन दिवस मऊ नळी ठेवली, तर पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण 24 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आलं. एक साधी नळी! पण शून्य झालं नाही, हे लक्षात घ्या. याशिवाय आकडी, जंतुसंसर्ग, ताजा रक्तस्राव हे धोके आहेतच. आणि पडून राहिल्यानं न्यूमोनिया होतो, म्हणून आम्ही उठवायची घाई करतो.

स्टिरॉइडनं काम भागेल का? ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत, 2020 मध्ये, डेक्सामेथासोन दिलेल्यांना पुन्हा ऑपरेशन कमी लागलं, पण सहा महिन्यांनी एकंदर तब्येत न दिलेल्यांपेक्षा वाईट निघाली. स्कॅन चांगला आणि माणूस वाईट, असंही होतं बरं का.

सगळ्यात अवघड निर्णय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. चालू ठेवल्या तर डोक्यात रक्त, थांबवल्या तर हृदयाच्या झडपेवर किंवा स्टेंटमध्ये गुठळी. इथे सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर नाही. हृदयाचे डॉक्टर आणि आम्ही एकत्र बसून ठरवतो. तुम्ही मात्र गोळी स्वतःहून बंद करू नका, आणि सर्जनला ती चालू आहे हे सांगायला विसरू नका.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय : ऑपरेशननंतरच्या स्कॅनमध्ये अजून पाणी दिसतंय, पुन्हा करावं लागेल का? ताई, थोडं पाणी बहुतेकांच्या स्कॅनमध्ये दिसतं, ते हळूहळू जिरतं. आम्ही माणूस बघतो, फिल्म नाही. पण डोकेदुखी वाढत गेली, बोलणं अडखळलं, हात-पाय पुन्हा जड झाला किंवा झोप वाढली, तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. त्याच दिवशी या.