वापरकर्त्यांचे मंडळ आणि भाषेचे स्थान

मुक्तस्रोत आज्ञावलीच्या वापरकर्त्यांनी मंडळ स्थापावे, ते केवळ परस्परांच्या अडचणी दूर करण्यासाठी काय? ‘टेक्’ या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी ती १९७८ मध्ये प्रथम सिद्ध केली. १९८० मध्ये अमेरिकेत तिच्या वापरकर्त्यांचे मंडळ निघाले. वर्गणी भरणाऱ्या कोणासही त्याचे सभासद होता येते. कार्य मात्र मुख्यत्वे स्वयंसेवेवर चालते.

मूळ आज्ञावली इंग्रजीपुरती पुरेशी होती. तिला १२८ चिन्हेच स्वीकारता येत, आणि ओळीच्या अखेरीस शब्द तोडण्याचे नियम एका वेळी एकाच भाषेचे असत. फ्रेंच व डच वापरकर्त्यांची मंडळे १९८८ मध्ये आणि जर्मन वापरकर्त्यांचे १९८९ मध्ये स्थापन झाले. त्याच वर्षी युरोपीय वापरकर्त्यांनी ही उणीव क्नूथ यांच्यापुढे मांडली. परिणामी १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीत २५६ चिन्हांची आणि अनेक भाषांच्या नियमांची सोय झाली.

सोय झाली तरी नियम आपोआप सिद्ध होत नाहीत. ते त्या त्या भाषेच्या जाणकारांनी स्वयंसेवेने रचले; मराठीचे नियमही आज त्या संग्रहात आहेत. तात्पर्य, वर्गणीने व्यक्तीस सभासदत्व लाभते. भाषेस स्थान लाभते ते तिच्या अभ्यासकांच्या श्रमानेच.