परसातील कोंबडीपालन : उबवणीच्या अंड्यापासून कोरड्या खुराड्यापर्यंत

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वळ व त्याच्या आसपासची गावे ही मूळची भातशेतीची. गेल्या काही दशकांत या पट्ट्यातील पुष्कळ भातखाचरांवर मालाची गोदामे उभी राहिली. जमीन गेली, किंवा राहिली ती थोडी राहिली. परंतु घरामागचे परस बहुतेक ठिकाणी अजून आहे, आणि परसात चारदोन कोंबड्याही आहेत. ज्या जोडधंद्यास जमीन लागत नाही, भांडवल थोडे लागते, आणि ज्याचा पैसा बहुधा घरच्या गृहिणीच्याच हाती राहतो, असा हा धंदा आहे. म्हणून त्याचा विचार अधिक काळजीने होणे अगत्याचे आहे.

परसातील कोंबडी वर्षास सुमारे ५० ते ६० अंडी देते आणि ती तीनचार खेपांत देते. कोंबडी अंडी कमी देते अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. पण खरा तोटा अन्यत्र आहे. बारा अंडी बसवावीत, नऊदहा पिल्ले निघावीत आणि दोन महिन्यांनी परसात तीनचारच उरावीत, हा अनुभव कोणत्याही गावी नवा नाही. काही पिल्ले घार नेते, काही मुंगूस नेतो, काही भिजून गारठतात आणि उरलेली रोगाने जातात. तेव्हा अंडी किती मिळाली यापेक्षा पिल्ले किती जगली, यावरच या धंद्याचा नफातोटा ठरतो. अंडे बसविल्यापासून पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंतचे दिवस नीट सांभाळले, तर त्याच कोंबड्यांपासून दुप्पट उत्पन्न मिळणे अवघड नाही.

उबवणीचा हंगाम

कोकणात पावसाळी चार महिने हवा दमट असते व अंगण ओले राहते. ओल्या जमिनीवर पिल्लांना रक्ती हगवण लवकर होते. वैशाखाच्या उन्हात ठेवणीतील अंड्यांतील जीव बिघडतो व उबवण कमी होते. या दोन्ही काळांत मुद्दाम अंडी बसवू नयेत. दिवाळीनंतर, भाताची कापणी उरकत आली म्हणजे, अंडी बसविण्यास आरंभ करावा. तेव्हा हवा कोरडी असते, खळ्यावर सांडलेले दाणे व किडे पिल्लांना मिळतात, आणि पावसाळा येण्यापूर्वी पिल्लू सहासात महिन्यांचे, म्हणजे पक्क्या पिसांचे व धडधाकट झालेले असते. या हंगामातील तलंगा पावसाळ्याच्या तोंडाशीच अंड्यावर येऊ लागतात.

अंड्यांची निवड

उबवणीसाठी अंडी आपल्याच कळपातील, कोंबड्याचा सहवास असलेल्या कोंबड्यांची घ्यावीत. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक जोमदार कोंबडा पुरतो. बाजारातील लेयर फार्मची अंडी बसविण्यात अर्थ नाही; तेथे कोंबडा ठेवीत नसल्यामुळे त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. एकच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवल्यास त्याचा स्वतःच्याच पिलावळीशी संकर होऊन वाण खुजा होतो. यासाठी दर वर्षी दुसऱ्या पाड्यावरील कोंबड्याशी अदलाबदल करावी.

अंडी मध्यम आकाराची, जाड व गुळगुळीत कवचाची असावीत. फार लहान, फार मोठी, तडकलेली वा वेडीवाकडी अंडी घरी खाण्यास वापरावीत. निवडलेली अंडी धुऊ नयेत. धुतल्याने कवचावरील नैसर्गिक आवरण जाते व आत जंतूंचा शिरकाव होतो. ती थंड व सावलीच्या जागी, टोकदार बाजू खाली करून, कोंड्यात वा तुसात ठेवावीत. सात दिवसांपेक्षा जुने अंडे शक्य तो बसवू नये.

खुडूक कोंबडी

गावठी कोंबडीचा एक मोठा गुण असा की ती खुडूक बसते व पिल्ले सांभाळते. अधिक अंडी देणाऱ्या सुधारित जातींत, उदाहरणार्थ ऱ्होड आयलंड रेड, वनराजा किंवा ग्रामप्रिया, हा गुण फारच थोडा राहिला आहे. म्हणून सुधारित पक्षी आणणाऱ्यांनीही दोनतीन गावठी कोंबड्या घरात राखून ठेवाव्यात. सुधारित कोंबडीची अंडी त्यांच्याखाली उत्तम उबतात.

खुरुड्या, रोगट वा पायांवर खवले उठलेल्या कोंबडीस अंड्यांवर बसवू नये. पसरट टोपलीत प्रथम राखेचा व त्यावर कोरड्या पेंढ्याचा थर द्यावा. राखेमुळे उवा-पिसवांचा उपद्रव कमी होतो. टोपली अंधाऱ्या, निवांत कोपऱ्यात ठेवावी. कोंबडी दोन दिवस स्थिर बसते असे दिसल्यावर, रात्रीच्या वेळी, तिच्याखाली दहा ते बारा अंडी सरकवावीत. जास्त अंडी ठेवण्याचा मोह धरू नये. जी अंडी पंखाबाहेर राहतात ती गार पडतात. दररोज एकदा पंधरावीस मिनिटे कोंबडीला दाणापाण्यासाठी उठवावे.

सातव्या दिवशी रात्री अंधारात अंडे विजेरीच्या उजेडापुढे धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे सजीव समजावे. स्वच्छ दिसणारे अंडे वांझ असते, आणि रक्ताचे कडे दिसल्यास आतील जीव मेलेला असतो. अशी अंडी काढून टाकावीत. दोन कोंबड्या एकाच रात्री बसविल्या असतील, तर उरलेली अंडी एकीखाली एकत्र करता येतात व दुसरीखाली ताजी अंडी ठेवता येतात.

एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर पडतात. कवच फोडून पिल्लू ओढून काढण्याची घाई करू नये. बाहेर येण्यापूर्वी अंड्यातील बलक पिल्लाच्या पोटात शोषला जातो. त्यावर ते दोन दिवस सहज राहू शकते.

पहिले आठ आठवडे

पिल्लांना पहिली गरज उबेची असते, खाद्याची नंतर. आई असेल तर ती ऊब देतेच. परंतु तिला पिल्लांसह पहिल्या दिवसापासून मोकळे सोडणे हितावह नाही. पहिले दोन आठवडे आई व पिल्ले डालग्याखाली किंवा जाळीच्या खोक्यात ठेवून दाणापाणी तेथेच द्यावे. घार व मांजर यांच्यापासून होणारे बरेचसे नुकसान एवढ्यानेच टळते.

उबवणी केंद्रातून एक दिवसाची पिल्ले आणली असतील, तर आईचे काम दिव्याने करावे लागते. पुठ्ठ्याचे फूट-दीड फूट उंचीचे गोल कडे करून आत दोन इंच कोरडे तूस पसरावे व मध्ये दिवा टांगावा. पंचवीस-तीस पिल्लांना ६० वॉटचा एक जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा पुरतो. हल्ली घरोघर असलेल्या एलईडी दिव्याने उजेड पडतो, पुरेशी ऊब मिळत नाही, हे ध्यानात ठेवावे. पहिल्या आठवड्यात उष्णता सुमारे ३५ अंश सेल्सिअस असावी व पुढे दर आठवड्यास तीन अंशांनी कमी करावी. उष्णतामापक नसला तरी पिल्लेच उष्णता सांगतात. ती दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवू लागली तर ऊब कमी आहे. दिव्यापासून दूर जाऊन धापा टाकू लागली तर ती जास्त आहे. सर्वत्र सारखी पसरून खातपीत असली तर ती बरोबर आहे.

तूस नेहमी कोरडे ठेवावे. पाणी सांडून ओले झालेले तूस त्याच दिवशी काढावे. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि बुरशी येऊन पिल्लांची फुप्फुसे बिघडतात. पिण्याचे पाणी उथळ भांड्यात द्यावे व भांड्यात खडे टाकावेत, म्हणजे पिल्ले बुडणार नाहीत. प्रारंभी तांदळाची बारीक कणी व मक्याचा भरडा, पुढे उकडलेले अंडे वा सुकटीची पूड मिसळून दिल्यास वाढ चांगली होते. केवळ कणीवर वाढलेले पिल्लू खुरटे राहते.

लस : एका घराचे नव्हे, गावाचे काम

मानमोडी, म्हणजे रानीखेत, हा रोग एका आठवड्यात परस रिकामे करतो. त्यावर औषध नाही. लस मात्र आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तिचीच दुसरी मात्रा, आणि आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी लस टोचणे, असा साधारण क्रम आहे. गंबोरो व देवी या रोगांच्या लसी कधी द्यावयाच्या, हे पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्यावे.

लस स्वस्त असूनही गावात ती का पोहोचत नाही, याचे कारण साधे आहे. एका कुपीत बहुधा शंभर किंवा अधिक मात्रा असतात. कुपी बर्फात आणावी लागते, आणि एकदा द्रव मिसळल्यावर ती दोनएक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कोणी शंभर मात्रांची कुपी फोडीत नाही. यावर उपाय एकच: गावातील घरांनी एकाच पंधरवड्यात अंडी बसवावीत. दहा घरांनी दोन दोन कोंबड्या बसविल्या, तर तीन आठवड्यांनी एकाच वयाची दीडशेच्या आसपास पिल्ले गावात असतील, आणि एका सकाळी सर्वांची लस आटोपेल. ही जुळणी करून देणे हे पशुधन पर्यवेक्षक, पशुसखी व इतर ग्राम-कार्यकर्ते यांचे या धंद्यातील सर्वांत मोलाचे काम होय. दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीतच अंडी बसविण्याचा पंधरवडा ठरवून त्यावरून लसीचे दिवस घरोघर लिहून द्यावेत. आजारी पक्ष्यांना मात्र लस देऊ नये.

बर्ड फ्ल्यूविषयीही सावध राहणे भाग आहे. भारतात पाळीव कोंबड्यांत तो प्रथम २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला. २०२२ च्या फेब्रुवारीत तो भिवंडीलगतच्या शहापूर तालुक्यात वेहळोली येथेही आढळला. परसात एकाएकी अनेक पक्षी मेले, तर ते नाल्यात वा खाडीत टाकू नयेत, विकू नयेत आणि कापून खाऊ नयेत. त्यांना उघड्या हातांनी न शिवता ताबडतोब दवाखान्यास कळवावे.

खुराडे

कोंबडीला दिवसा परस पुरते. रात्री मात्र सुरक्षित व कोरडे घर हवे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वा पलंगाखाली कोंबड्या कोंडणे घराच्या व कोंबड्यांच्या अशा दोघांच्याही आरोग्यास बाधक आहे. बारा कोंबड्यांसाठी पाच फूट लांब, तीन फूट रुंद व साडेतीन फूट उंच एवढे खुराडे रात्रीच्या मुक्कामास पुरते. ते जमिनीपासून दोन फूट उंच खांबांवर उभारावे. तळाशी बांबूच्या कांबी अर्ध्या-पाऊण इंचाच्या फटी ठेवून ठोकाव्यात, म्हणजे विष्ठा खाली पडते व तळ कोरडा राहतो. खाली पडलेली विष्ठा दर आठवड्यास काढून खतखड्ड्यात टाकावी.

खुराड्याचे तोंड पूर्वेकडे ठेवावे. कोकणातील पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूस छपराची वळचण दोन फूट पुढे काढून भिंत भरीव ठेवावी. इतर बाजूंस अर्ध्या इंचाची तारेची जाळी लावावी. मोठ्या भोकांच्या जाळीतून मुंगूस व साप आत येतात. आत दीडदोन इंच जाडीच्या गोल दांड्या एकाच उंचीवर बसवाव्यात व दर पक्ष्यास आठ इंच जागा द्यावी. दांड्या उंचसखल असल्यास सर्वांत वरच्या जागेसाठी कोंबड्या भांडतात. चारपाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यासाठी पेंढा घातलेले एक खोके पुरे होते.

वळसारख्या गावी गोदामांतून टाकून दिलेल्या लाकडी चौकटी मिळू शकतात; खुराड्याच्या सांगाड्यास त्या चांगल्या उपयोगी पडतात. परंतु ज्यांवर रसायन सांडले आहे अशा चौकटी घेऊ नयेत. रसायनांचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी पाण्यासाठी वा खाद्यासाठी वापरू नयेत. गोदामांच्या आवारातील गटारे, थर्माकोलचे तुकडे व प्लास्टिक यांपासूनही कळप दूर राखावा. पोटात प्लास्टिक साठलेली कोंबडी भूक असूनही वाळत जाते. परसाभोवती कूड घालणे हा यावर सोपा उपाय आहे.

शेते कमी झाल्याने चरण्यास मिळणारे दाणे व किडेही घटले आहेत. म्हणून मोठ्या कोंबडीस संध्याकाळी मूठभर कोंडा, कणी व थोडी सुकट द्यावी. कवचासाठी चुना लागतो. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. दाणे खुराड्यातच टाकण्याची सवय लावली, तर कोंबड्या अंधार पडण्यापूर्वी आपण होऊन घरी परततात.

विक्री

दिवाळीनंतर बसविलेल्या अंड्यांतील नर आषाढापर्यंत सातआठ महिन्यांचे होतात. श्रावण पाळणाऱ्या घरांतून आषाढी अमावास्येपूर्वी गावठी कोंबड्यास मोठी मागणी असते. पुढील वर्षासाठी एकदोन उत्तम नर राखून बाकीचे याच वेळी विकावेत. भाव चांगला मिळतो, आणि भर पावसात खुराड्यात दाटी राहत नाही. तलंगा मात्र विकू नयेत. पुढील वर्षाचा कळप त्यांतूनच उभा राहतो.

या साऱ्यात मोठ्या खर्चाचे असे काही नाही. योग्य हंगाम, कोरडे तूस, वेळेवर लस आणि रात्री बंद होणारे दार एवढेच पाहावयाचे आहे. येत्या दिवाळीनंतर प्रत्येक घराने बसविलेली अंडी, निघालेली पिल्ले आणि आठ आठवड्यांनी जगलेली पिल्ले हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत. दुसऱ्या व तिसऱ्या आकड्यांतील अंतर जसजसे कमी होईल, तसतशी घरच्या गृहिणीची मिळकत वाढत जाईल.