मैत्रीचे कर्ज आणि आमची लोकल

दोन देशांची मैत्री खरी कळते ती कर्जाच्या अटींतून. नोव्हेंबर 2018 मध्ये मोरोक्कोत आफ्रिकेतली पहिली अतिवेगवान रेल्वे सुरू झाली. गाड्या फ्रान्सच्या आणि पैशांतला मोठा वाटाही फ्रेंच कर्जाचा. 1956 पर्यंत तिथे अंमल गाजवणारा देश आता मित्र म्हणून आला होता. राजे सहावे मोहम्मद यांच्यासोबत अध्यक्ष मॅक्रॉन उद्घाटनाला होते. पण तिथल्याच काही नागरिकांनी आधीपासून विचारले होते, की या पैशांत शाळा आणि दवाखाने किती झाले असते?

डोंबिवलीकर म्हणून मला हा प्रश्न परका वाटत नाही. आमच्या शेजारी, दिव्याजवळ म्हातार्डीला मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे ठाणे स्थानक व्हायचे आहे. 508 किलोमीटरच्या या मार्गाच्या खर्चापैकी सुमारे 81 टक्के कर्ज देण्याची तयारी जपानने 2015 साली दाखवली. व्याज 0.1 टक्के, मुदत 50 वर्षे, पहिली 15 वर्षे परतफेड नाही. सावकार असे कर्ज देत नाही. अर्थात मित्राचाही हिशेब असतोच. तंत्रज्ञान जपानी शिंकान्सेनचे, आणि कर्ज येनमध्ये असल्याने चलनाच्या चढउताराचा धोका आपला.

तरीही कर्ज घेण्यात कमीपणा नाही. 1853 साली ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हा इंग्रज भागधारकांना 5 टक्के परताव्याची हमी होती आणि तूट इथल्या महसुलातून भरायची होती. त्या मानाने आजचा सौदा कितीतरी बरा. खुद्द जपानची पहिली शिंकान्सेन 1964 साली धावली, तीही जागतिक बँकेच्या 8 कोटी डॉलरच्या कर्जाची मदत घेऊन.

मग सल कशाचा? ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका मंजूर झाली 2008 च्या सुमारास आणि पूर्ण व्हायला 2022 उजाडले. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ भरलेल्या लोकलच्या दारांतून माणसे खाली पडली आणि किमान चौघे प्राणाला मुकले. त्याच परिसरात शिळफाट्याहून निघणारा बुलेट ट्रेनचा बोगदा सात किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून जाणार आहे.

बुलेट ट्रेन नाकारली असती तर तो पैसा लोकलला मिळाला असता, असे मात्र समजू नये. हे कर्ज त्या मार्गापुरतेच आहे. मित्र आपल्याजवळचे उत्तम ते देऊ करतो. आपल्याला काय हवे ते सांगणे हे आपले काम. मुंबईच्या मेट्रो-3 साठी जपाननेच कर्ज दिले, म्हणजे शहरातल्या प्रवासासाठी मागितले तरी मिळते. पुढच्या बोलण्यांत कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली ही नावे दिल्लीच्या टेबलावर कोणी ठेवणार का? आमचे खासदार आणि आमदार यांना हा प्रश्न आपण मतदारांनीच विचारायला हवा.