घरचे गणित आणि मुलाचा कल

मुलाला घरी गणित शिकवावयाचे ठरले म्हणजे पहिला प्रश्न पुस्तकाचा उभा राहतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळांची दारे बंद झाली, तेव्हा नांदेड-लातूरकडील कित्येक घरांना हा प्रश्न प्रथमच सोडवावा लागला. ज्या घरी मुलाचे सारे शिक्षण आईबापच करतात तेथे तो आहेच. पण शाळा सुटल्यावर आई किंवा आजोबा रोज अर्धा तास गणित घेऊन बसतात, त्या घरीही तो काही निराळा नाही. बाजारात क्रमिक पुस्तके, सरावाच्या वह्या, मण्यांच्या चौकटी, मोबाइलवरील पाठ असे सर्व काही मिळते. त्यांतून निवड करण्यासाठी पालकांना बहुधा एकच कसोटी सांगितली जाते: आपले मूल ऐकून शिकणारे आहे, पाहून शिकणारे आहे, की हाताने करून शिकणारे आहे, हे आधी ओळखावे आणि त्या कलाचे साधन घ्यावे. सल्ला मोठा समंजस वाटतो. पण तो खरा आहे काय?

ही वर्गवारी विशेष प्रसिद्धीस आली ती न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी १९९२ च्या सुमारास मांडलेल्या प्रश्नावलीमुळे. पाहणे, ऐकणे, वाचणे-लिहिणे आणि करणे असे शिकणाऱ्यांचे चार प्रकार तीत धरलेले आहेत. पुढे २००८ साली पॅश्लर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधनाची कसून छाननी केली. मुलाच्या 'प्रकारा'प्रमाणे शिकविल्याने त्याला अधिक येते, असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आवड असते, हे त्यांनी नाकारले नाही. एखाद्याला चित्र आवडते, एखाद्याला गोष्ट. परंतु आवड ही एक गोष्ट आणि शिकण्याची क्षमता ही दुसरी. गोड आवडते म्हणून मुलाला केवळ गोडावर कोणी वाढवीत नाही.

याचा अर्थ सर्व मुले सारखी असतात असा मात्र नव्हे. मुलांत भेद असतो आणि तो मोठा असतो. कोणाला आधीचे किती येते, घरची भाषा कोणती, पाठांतर कितपत टिकते, दृष्टी आणि श्रवण निकोप आहेत की नाहीत, चुकण्याची धास्ती किती, या सर्व गोष्टींत दोन भावंडेही एकसारखी नसतात. पुस्तक निवडावयाचे ते या भेदांकडे पाहून.

घरी गणित शिकविण्याची गोष्ट या प्रांताला नवी नाही. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर ही गावे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि तेथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी मुलाचे मराठी आणि मराठी पाढे पुष्कळ अंशी घरात आणि पंतोजींपुढे पक्के होत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे मुखोद्गत असत. औट म्हणजे साडेतीन. औटकीत चारासमोर चौदा आले, की साडेतीन आणे शेराप्रमाणे चार शेरांचे चौदा आणे हा हिशेब कागदाला न शिवता होई. आज हे शिक्षण केवळ घोकंपट्टीचे, म्हणजे नुसते कानाचे आणि जिभेचे होते, असे समजले जाते. वस्तुतः तसे नव्हते. पाढा तोंडी असे, पण त्याचा अर्थ मोंढ्यात, तागडीवर आणि पायलीने धान्य मापताना हाताला कळत असे.

या मुलखात तर आणखी एक विलक्षण पाठ रोजच्या व्यवहारात होता. संस्थानचा हाली सिक्का आणि इंग्रजी राज्याचा कलदार रुपया हे दोन्ही लोकांच्या हातांत येत. शंभर कलदार म्हणजे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै असा सरकारी भाव होता. हा आकडा भयंकर दिसतो. पण सात हाली म्हणजे सहा कलदार, एवढेच त्याचे सार आहे. एकवीस हाली दिले की अठरा कलदार. गुणोत्तर आणि प्रमाण हे शब्द ज्याच्या कानांवर कधी पडले नव्हते, तो दुकानदाराचा मुलगाही ही गोष्ट जाणून असे. कान, डोळा आणि हात एकाच कामाला जुंपलेले होते, आणि त्या जुन्या शिक्षणाचे बळ यातच होते. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, सोळा आणे गेले, आणि अपूर्णांकांच्या पाढ्यांची रोजची गरज सरली. मागे उरले ते पाठांतर. त्याला अर्थ देणारा व्यवहार दुरावला. आजच्या घरशिक्षणात हा दुरावलेला अर्थ परत आणावयाचा आहे.

आता मुलांमधील खऱ्या भेदाचे एक उदाहरण पाहावे. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस मागून येतो; लिहिताना मात्र दोन आधी आणि पाच नंतर. म्हणून पुष्कळ मुले पंचवीस ऐकून ५२ लिहितात. एकोणतीस, एकोणचाळीस ही नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून होतात; आणि नव्याण्णवाशी येऊन तो नियमही मोडतो. तेलुगू आणि कानडी भाषांत याच्या उलट, वीस आधी आणि पाच नंतर, असा लिहिण्याशी जुळणारा क्रम आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागांत तेलुगू आणि उदगीर, निलंग्याकडे कानडी कित्येक घरांत बोलली जाते. तेथील मूल घरी एक क्रम ऐकते आणि मराठी पुस्तकात दुसरा पाहते. त्याची चूक झाली तर ते 'ऐकून शिकणारे' नाही असा निवाडा करणे अन्यायाचे आहे. त्याला दोन भाषांचा क्रम समोरासमोर ठेवून दाखविला पाहिजे, एवढेच.

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन जुन्या नावांच्या जोडीला आणले, त्यामागे हीच अडचण होती. त्यावर मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वाचनाची बाजू मांडली. वादाचा निकाल कोणी कसाही लावो. घरी शिकविणाऱ्याला दोन्हींचा उपयोग आहे. आधी 'वीस पाच' म्हणवून घ्यावे, लिहून घ्यावे, आणि मग 'पंचवीस' हे व्यवहारातले नाव पक्के करावे.

गणितातील प्रत्येक कल्पनेला तीन पायऱ्या असतात: वस्तू, चित्र आणि चिन्ह. जेरोम ब्रूनर यांनी १९६० नंतरच्या दशकात हा विचार मांडला आणि सिंगापूरच्या शाळांनी पुढे आपली पुस्तके त्यावर रचली. दहा चिंचोक्यांची एक पुरचुंडी, अशा तीन पुरचुंड्या आणि चार सुटे चिंचोके, ही वस्तू. तीन उभ्या रेघा आणि चार ठिपके, हे चित्र. ३४ हे चिन्ह. या तिन्ही पायऱ्या प्रत्येक मुलाने चढावयाच्या आहेत. करून शिकणाऱ्याने वस्तूपाशी थांबावे आणि पाहून शिकणाऱ्याने चित्रापाशी, असे झाले तर दोघांनाही चिन्हाचे गणित येणार नाही. मुलामुलांत फरक पडतो तो एवढाच, की एकाला वस्तू दोन दिवस लागते आणि दुसऱ्याला दोन आठवडे.

या दृष्टीने तीन मुलांची कल्पना करावी. पहिल्याचे तीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ आहेत. पण सात आठे छप्पन्न कसे झाले, असे विचारले तर ते गप्प बसते. दुसरे सुबक आकृती काढून उत्तरापर्यंत पोचते, पण पाढे नसल्यामुळे प्रत्येक गणिताला पाऊण तास घेते. तिसरे दुकानात सुट्या पैशांचा हिशेब झटक्यात सांगते, आणि तेच वहीवर मांडावयास सांगितले की गोंधळते. रूढ सल्ल्याप्रमाणे पहिल्याला आणखी पाठांतर, दुसऱ्याला आणखी चित्रे आणि तिसऱ्याला आणखी खेळ द्यावे लागतील. खरी गरज नेमकी उलट आहे. पहिल्याला चिंचोक्यांच्या रांगा हव्यात, दुसऱ्याला रोज दहा मिनिटे पाढे हवेत, आणि तिसऱ्याला आपला तोंडी हिशेब कागदावर उतरविण्याची सवय हवी. मुलाचा जोर असेल तेथून आरंभ करावा, आणि उणे असेल तेथे पोचावे.

तिसऱ्या मुलाची स्थिती विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांची पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली. विक्री करताना त्यांची शंभरांत अठ्ठ्याण्णव उत्तरे बरोबर येत; तीच आकडेमोड कागदावर दिली असता बरोबर उत्तरे सदतिसांवर आली. त्या मुलांना गणित येत नव्हते असे कोण म्हणेल? त्यांच्या डोक्यातले गणित आणि कागदावरचे गणित यांची ओळख कोणी करून दिली नव्हती, इतकेच.

मग पुस्तक कोणते घ्यावे? १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीची पुस्तके स्वस्त आहेत, मराठीत आहेत, राज्याच्या परीक्षांच्या क्रमाने चालतात आणि संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्यही मिळतात. बहुतेक घरांनी हाच कणा धरावा. माँतेसरी पद्धतीची मण्यांची साधने उत्तम असली तरी महाग असतात. मात्र दहा-दहाचे रंग बदलून ओवलेली शंभर मण्यांची माळ घरीही होते. सरावाच्या छापील वह्या वेग आणि अचूकपणा वाढवितात, पण अर्थ देत नाहीत. त्या जोडीला असाव्यात, मुख्य म्हणून नव्हे.

कोणताही संच विकत घेण्यापूर्वी त्यातील तीन पाने उघडून पाहावीत. पहिले, दशक-एककाचे पान: तेथे वस्तू, चित्र आणि चिन्ह या तिन्ही पायऱ्या आहेत काय? दुसरे, अपूर्णांकाचे पान: मराठी मूल शाळेत जाण्यापूर्वीच पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द वापरते, पाव किलो म्हणजे २५० ग्रॅम हे त्याला ठाऊक असते. पुस्तक या ठेव्याचा उपयोग करते, की तो बाजूला सारून प्रारंभापासून परका शब्द शिकविते? तिसरे, शाब्दिक उदाहरणांचे पान: एकाच क्रियेची वीस उदाहरणे ओळीने असली तर मूल विचार न करता तीच क्रिया करीत सुटते. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार मिसळलेले असावेत, म्हणजे कोणती क्रिया करावयाची हे मुलालाच ठरवावे लागेल.

पुस्तकात उणे राहिले तर गावातले उदाहरण घालावे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० डबे होते आणि पाणी सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० डब्यांची गाडी सुरू झाली. एका डब्यात किती पाणी? पन्नास डब्यांत किती? २०११ च्या जनगणनेत लातूर शहरात सुमारे ३ लाख ८२ हजार माणसे होती. पन्नास डब्यांचे पाणी सर्वांना सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? उत्तर साडेसहा लिटर येते. मुलाने साडेसहा लिटरची कळशी-तांब्यांनी मोजणी करावी, तिचे चित्र काढावे, आणि मग भागाकार मांडावा. त्या उन्हाळ्याचा अर्थ त्याला इतक्या स्पष्टपणे दुसरा कोणता धडा सांगणार नाही.

परीक्षेचा विचार टाळून मात्र चालत नाही. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला शिक्षणाचा हक्क दिला. घरी चालणाऱ्या शिक्षणासाठी त्यात वेगळी व्यवस्था नाही. अशा मुलांना पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा देता येते; ती मराठीतूनही होते आणि तिला किमान १४ वर्षे वय लागते. अभ्यासक्रम निवडतानाच मूल शेवटी कोणत्या दाराने बाहेर पडणार हे ठरवून ठेवावे.

लातूरचे नाव आज परीक्षेतील यशाच्या 'पॅटर्न'साठी महाराष्ट्रभर घेतले जाते आणि दूरदूरची मुले तेथे येतात. त्या स्पर्धेची छाया लहान वयावरही पडते. आठव्या वर्षी 'हिला गणित झेपत नाही, ही चित्रांत रमते' असे मुलीविषयी ठरले, की पुढची पुस्तके, पुढचे वर्ग आणि पुढची स्वप्ने त्या एका वाक्याप्रमाणे आखली जातात. आणि सोळाव्या वर्षी ते वाक्य खरे ठरलेले दिसते. ते खरे होते म्हणून नव्हे, तर सर्वांनी त्याप्रमाणे वागणूक ठेवली म्हणून. कलाचे लेबल मायेने लावलेले असले तरी दार बंद करण्याचे काम तितकेच करते.

यास्तव पालकांनी मुलाचा प्रकार ठरविण्याऐवजी मुलाची वही वाचावी. दर तीन महिन्यांनी तीन प्रश्न विचारावेत: कोणती चूक पुन्हा पुन्हा होते? ती वस्तूच्या पायरीवर होते, चित्राच्या की चिन्हाच्या? आणि मागील वेळी जे अडत होते ते आज सुटते काय? उत्तराप्रमाणे एखादे पान सोडावे, एखादे पुन्हा घ्यावे, प्रसंगी पुस्तकही बदलावे. बदलू नये ती एकच गोष्ट: हे मूल गणित शिकू शकेल, हा घरातल्या माणसांचा विश्वास.